परक्या दाराची किल्ली
संगणकक्षेत्रात स्वतंत्र उद्योग मांडू पाहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ‘अपोलो’ची हकीकत ध्यानी ठेवावी. रेडिटवरील मजकूर वाचण्याचे हे सुबक अ‍ॅप ख्रिस्तियन सेलिग या तरुणाने घडविले. रेडिटच्या एपीआयमधून, म्हणजे माहिती मागविण्याच्या अधिकृत दारातून, ते चाले. दार विनामूल्य होते. २०२३ मध्ये दर ठरला : पाच कोटी मागण्यांस १२,००० डॉलर. सेलिग यांचा हिशेब वर्षाला सुमारे दोन कोटींवर गेला. हाती उरला जेमतेम महिना. मालकाने दाम मागूच नये, असे कोण म्हणेल? परंतु मुदतीचा लेखी करार नसताना अशा दारावर संसार मांडणे मला अविचाराचे वाटते. ३० जूनला अपोलो बंद झाले. वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेल्यांचे पैसे परत करण्याचा भारही सेलिग यांच्यावरच आला.