इंद्रायणीची जलपर्णी आणि प्रणालीविचार

पूर्वीच्या मोटेचा नाडा, सोंदूर, चाक, बैल आणि धाव यांची कोणी नुसती यादी केली, तर तिने विहिरीतले थेंबभर पाणीही वर येत नसे. ही अंगे विशिष्ट रीतीने परस्परांस जोडली जात, तेव्हाच ती मोट होई व पाणी काढी. घटक, त्यांचे परस्परसंबंध आणि सर्वांचे मिळून घडणारे कार्य, या तिहींच्या समुच्चयास प्रणाली म्हणतात. अमेरिकेतील अभ्यासक डोनेला मेडोज यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच तीन अंगे सांगितली आहेत. एखादा प्रश्न सुटा न पाहता, तो जिच्यात उत्पन्न होतो ती सबंध प्रणाली पाहणे, हा प्रणालीविचार होय.

इंद्रायणीकाठच्या शेतकऱ्यास याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. लोणावळ्याजवळ उगम पावून देहू, मोशी, आळंदी या मार्गाने तुळापूर येथे भीमेस मिळणारी ही नदी पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून वाहते. हिवाळा सरता सरता प्रवाह मंदावतो आणि पात्र जलपर्णीने झाकले जाते. यंत्रे लावून ती काढतात व पुढल्या वर्षी ती पुन्हा उगवते. यंत्रे अपुरी पडली, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष म्हणजे रोग म्हशीला आणि डाग पखालीला असाच आहे.

जलपर्णी वाढते, कारण पाणी खताळलेले असते. शुद्ध न केलेल्या सांडपाण्यातून नत्र व स्फुरद नदीत येतात. शेतातून वाहून गेलेला युरियाही त्यांत मिसळतो, हे शेतकऱ्यास रुचो वा न रुचो. अनुकूल हवामानात ही वनस्पति सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचे बी चिखलात १५ ते २० वर्षे जिवंत राहू शकते. तिच्या आच्छादनाखाली प्राणवायु घटतो, ती तेथेच कुजते, आणि कुजताना सुटलेल्या अन्नद्रव्यांवर नवी जलपर्णी पोसली जाते. परिणामाने आपल्याच कारणास असे बळ देणे, हा प्रत्याभरणाचा एक प्रकार होय. काढलेले ढीग काठावरच टाकले, तर त्यांचा रस पावसाबरोबर पुन्हा पात्रात उतरतो आणि हे चक्र चालूच राहते.

मग तिचे कंपोस्ट करावे, हा सल्ला सहज सुचतो. गावतळ्यातील जलपर्णीसाठी तो उत्तमच आहे. परंतु ही वनस्पति पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातु शोषून विशेषतः मुळांत साठविते, आणि येथे नदीच्या वरच्या अंगास कारखाने आहेत. म्हणून येथील कंपोस्टचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज ते मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालू नये. वनस्पति तीच असली, तरी तिचे संबंध येथे निराळे आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या दैनंदिनीत तण एका पानावर, खत दुसऱ्यावर आणि पाणी तिसऱ्यावर असते. ही पाने एकत्र वाचली पाहिजेत. युरिया एकदम न देता विभागून द्यावा, बांधाच्या उतारावर गवताचा पट्टा राखावा, हे शेतकऱ्याच्या हातचे आहे. तथापि एवढ्याने नदी स्वच्छ होईल असे त्यास सांगणे ही फसवणूक होईल. शहराच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याचे शुद्धीकरण हे त्यांचेच कर्तव्य असून, कोणता नाला कोठे नदीस मिळतो याची गाववार नोंद करून ग्रामसभेने ते मागितले पाहिजे. हे काम पौष-माघातच, पात्र झाकले जाण्यापूर्वी करावे. आषाढात पूर येऊन जलपर्णी वाहून गेली की आळंदीस प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण ते पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयाकडेच जात असते, आणि तेथेही शेतकरीच राहतात.