वाकलेल्या पाठींचा प्रश्न

बालाघाट म्हटले की आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातील डोंगररांग उभी राहील. आम्ही येथे ज्या बालाघाटाविषयी लिहीत आहोत तो मध्य प्रदेशातील, गोंदियाच्या पलीकडचा, वैनगंगेच्या काठचा जिल्हा होय. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून तो बनविला गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर व भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरी त्या बाजूस मराठी आजही कानावर पडते. किनाऱ्यावरील दैनिकाने इतक्या दूरच्या जिल्ह्याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या जिल्ह्याची आणि आमच्या गोव्याची रोजीरोटी एकाच प्रकारच्या कष्टांवर उभी राहिलेली आहे. ते कष्ट म्हणजे जमीन उकरून खनिज काढण्याचे.

भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे मँगनीजच्या व्यापारात शंभर वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आहेत. प्रथम ब्रिटिश कंपनीने आणि १९६२ पासून नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘मॉयल’ने या खाणी चालविल्या. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर उघडले गेले, तेही मुख्यत: मध्य प्रांताचे मँगनीज परदेशी नेण्यासाठी. भरवेलीची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. याच जिल्ह्यात मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प आहे. १९८२ साली त्याचे उद्घाटन झाले आणि तेथील विस्तीर्ण उघड्या खाणीने देशाला तांबे पुरविले. मँगनीजवाचून पोलाद नाही आणि तांब्यावाचून वीज घरोघर पोचत नाही. देशाच्या उभारणीत या जिल्ह्याचा वाटा किती मोठा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु हे खनिज ज्या हातांनी आणि ज्या पाठींनी वर आणले, त्यांचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? भूमिगत खाणीत माणूस डोक्यावरचा दगड सांभाळत, ओणवा होऊन, उष्ण व दमट हवेत काम करतो. छिद्रे पाडण्याचे यंत्र हातात धरले की त्याची थरथर मनगटातून खांद्यापर्यंत जाते. उघड्या खाणीतील डंपरचा चालक पाळी संपेपर्यंत खडबडीत रस्त्यावर हादरे सोसतो. ते हादरे आसनातून त्याच्या कण्यात उतरतात. खनिज फोडण्याचे व निवडण्याचे काम वर्षानुवर्षे बायकांनी उकिडवे बसून केले. अपघाताची नोंद होते, कारण त्यात रक्त सांडते. कण्याची झीज गुपचूप होते. ती उघडकीस येते तेव्हा माणूस पंचेचाळिशीत म्हातारा झालेला असतो, आणि त्याला निरोप देताना ‘प्रकृती साथ देत नाही’ एवढेच कागदावर लिहिले जाते.

काम आणि शरीर यांचा मेळ घालणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला एर्गोनॉमिक्स म्हणतात. १८५७ साली एका पोलिश शास्त्रज्ञाने हा शब्द प्रथम वापरला. त्याचे सूत्र सोपे आहे: माणसाला कामाच्या मापाचा करू नये, काम माणसाच्या मापाचे करावे. आसन किती उंच असावे, दांडा किती जाड असावा, कळ कोठे बसवावी, ओझे किती असावे, किती वेळाने पाठ टेकावी, याचा विचार हे शास्त्र करते. परदेशात परदेशी शरीराच्या मापाने बनविलेले यंत्र आणून त्यावर आमच्या माणसाला बसविले, तर त्याचे पाय टेकत नाहीत आणि हात ताणावे लागतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेने १९९७ साली भारतीय शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे मापे नाहीत, ही सबब आता कोणाला सांगता येणार नाही.

कायद्याकडे पाहावे तर तेथे एक मोठी उणीव दिसते. सिलिकोसिस, मँगनीजची विषबाधा, आवाजामुळे येणारे बहिरेपण हे रोग कळविणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. २०२० साली संमत झालेल्या व नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही रोगांची यादी पुढे चालविली. त्या यादीत पाठीच्या दुखण्याला मात्र स्थान नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्नायू व सांध्यांच्या विकारांना आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत जागा दिली आहे. आमच्या यादीत ती नाही. जे दुखणे कळवावे लागत नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यावर कोणी पैसा खर्च करीत नाही.

यंत्रे आली की हे सारे संपेल, असे सांगितले जाते. आम्हांला हे मान्य नाही. यंत्राने डोक्यावरची पाटी उतरविली हे खरे, आणि त्याबद्दल यंत्राचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ज्याने पाटी उतरविली त्यानेच हादरा आणला. दुखणे गेले नाही, त्याने जागा बदलली. म्हणूनच यंत्र खाणीत उतरविण्यापूर्वी त्याचे हादरे व त्यावर बसणाऱ्याची बैठक तपासली पाहिजे, अशी शिफारस देशातील खाण सुरक्षा परिषदेने केलेली आहे. शिफारस आणि सक्ती यांतील अंतर मात्र अद्याप मिटलेले नाही.

खर्चाचा बाऊ करणाऱ्यांना आम्ही एका साध्या पोत्याचे उदाहरण देऊ. बालाघाट हा भाताचा जिल्हा आहे. पूर्वी क्विंटलभर धान्याचे पोते हमालाच्या पाठीवर चढे. पुढे सरकारी धान्याचे पोते ५० किलोंवर आले. येथे कोणतेही परदेशी यंत्र लागले नाही, केवळ पोते लहान झाले. खाणीतील रस्त्याचे खड्डे बुजविणे, खनिज निवडण्याचे काम जमिनीवरून कमरेइतक्या उंच फळीवर आणणे, चालकाच्या आसनाचे झिजलेले स्प्रिंग बदलणे, एकाच माणसाला सतत थरथरणाऱ्या यंत्रावर न ठेवता कामे फिरती ठेवणे, या गोष्टींनाही डोंगराएवढा पैसा लागत नाही. लागते ती कामगाराच्या पाठीकडे पाहण्याची दृष्टी.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जेथे मजुरी नगावर असते, तेथे मालक सुधारणा नाकारण्यापूर्वी गरजच ती नाकारते. पोत्यामागे पैसे मिळणारा हमाल दोन लहान पोती एकदम उचलतो. हजारी दराने विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसते; मान वर केली तर विडी कमी होते. विश्रांती घेतल्याने मजुरी बुडते, तोपर्यंत कोणतेही शास्त्र तिच्या मानेपर्यंत पोचणार नाही. बैठकीची सुधारणा आणि मजुरीची सुधारणा या दोन गोष्टी म्हणूनच वेगळ्या करता येत नाहीत.

आता आमच्या दारापाशी येऊ. गोव्यातील खाणी मार्च २०१८ मध्ये बंद पडल्या, आणि लिलाव झालेल्या पट्ट्यांत २०२४ पासून काम पुन्हा सुरू होऊ लागले. चर्चा होते ती महसुलाची, पर्यावरणाची आणि ट्रकमालकांच्या कर्जांची. या सर्व चर्चा आवश्यकच आहेत. परंतु ट्रकच्या व डंपरच्या आसनावर जो माणूस बसणार आहे, त्याच्या कण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेले आमच्या ऐकिवात नाही. नवी यंत्रे विकत घेतली जातील, नवे रस्ते आखले जातील. खरेदीच्या आदेशातच आसनाची व हादऱ्यांची अट घालण्याची हीच वेळ आहे. यंत्र एकदा आवारात येऊन उभे राहिले की पुढची वीस वर्षे ते आपल्या चुकीसह चालत राहते.

आमची मागणी तीन गोष्टींची आहे. सरकारने पाठ, मान व सांधे यांच्या व्यवसायजन्य विकारांना कळविण्यायोग्य रोगांच्या यादीत घालावे. खाणकामगारांच्या ठरावीक वैद्यकीय तपासणीत छातीच्या चित्राबरोबर पाठीची व मनगटाची तपासणीही असावी. बालाघाटपासून त्याचा आरंभ करणे मुळीच अवघड नाही. आणि कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात बोनसच्या बरोबरीने बैठकीचा प्रश्न मांडावा. बोनस वर्षाला मिळतो. कणा मात्र जन्माला एकदाच मिळतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे व यंत्रे स्वच्छ पुसून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ती परंपरा सुंदर आहे. परंतु ज्या हाताने ते हत्यार वर्षभर धरले, त्या हाताला मुंग्या येतात काय, एवढी चौकशी त्या दिवशी मालकाने केली, तर ती पूजा अधिक सार्थ होईल. भरवेलीच्या खाणीतून वर येणारा कामगार आणि डिचोलीच्या रस्त्यावरून खनिज नेणारा चालक यांची भाषा वेगळी असेल. पाठ मात्र एकच आहे, आणि ती ताठ राहावी ही जबाबदारी त्या खनिजावर संसार उभारणाऱ्या आपणां सर्वांची आहे.