मैदानावरचा शिमगा

दिवाळीच्या अंकात शिव्यांवर लेख लिहितो आहे, याबद्दल कोणी नाक मुरडील तर मुरडो. अभ्यंगस्नान आटोपून, चकलीचा तुकडा मोडीत अंक उघडणाऱ्या वाचकाला काही गोडधोड वाचावयास मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ज्या घरात हा अंक येतो, त्याच घरातला चौदा वर्षांचा मुलगा शनिवारी रात्री उशिरापर्यंत इंग्लंड-स्पेनमधले फुटबॉलचे सामने पाहत असतो. अंगात कुठल्या तरी परदेशी क्लबाचा सदरा, आणि तोंडी आपल्या आजोबांच्या नावापेक्षा तिथल्या खेळाडूंची नावे अधिक. याबद्दल माझी तक्रार नाही. फुटबॉल मीही आवडीने पाहतो. तक्रार आहे ती खेळाबरोबर फुकट घरात येणाऱ्या आवाजाबद्दल. एखाद्या काळ्या खेळाडूच्या पायाशी चेंडू येताच प्रेक्षागारातून जो माकडासारखा हुंकार उठतो, तो समजावयास इंग्रजीही लागत नाही आणि स्पॅनिशही.

कोणी म्हणेल, असे कुठे रोज घडते? तर थोडी उजळणी करू. १९८८ साली लिव्हरपूलचा जॉन बार्न्स एव्हर्टनच्या मैदानावर खेळत असताना कोणीतरी त्याच्याकडे केळे भिरकावले. त्याने ते टाचेने मागच्या मागे उडवून लावले. ते छायाचित्र जगभर गाजले. टाचेचे कौतुक झाले. केळे फेकणाऱ्या हाताचे काय? ३ जानेवारी २०१३ रोजी इटलीत एका साध्या मैत्रीच्या सामन्यात मिलानच्या केविन-प्रिन्स बोआटेंगने असले हुंकार ऐकून चेंडू उचलला, प्रेक्षकांच्या दिशेने लाथाडला आणि तो मैदान सोडून चालू लागला. पाठोपाठ त्याचा सारा संघ गेला. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी सोफिया येथे बल्गेरिया-इंग्लंड सामना याच कारणासाठी दोनदा थांबवावा लागला. २१ मे २०२३ रोजी वालेन्सियात रेआल माद्रिदचा व्हिनिसियस आपल्याला माकड म्हणणारी माणसे पंचांना बोट दाखवून ओळखवून देत होता. २० जानेवारी २०२४ रोजी उदिने येथे मिलानचा गोलरक्षक माईक मेन्यां मैदान सोडून गेला. बार्न्सच्या केळ्यापासून ही छत्तीस वर्षे झाली. छत्तीस वर्षांत बूट बदलले, चेंडू बदलला, तिकिटांचे दर बदलले. हुंकार तोच राहिला.

आता या प्रकाराची वकिली करणारे काय म्हणतात ते ऐकू. पहिला बचाव असा, की ही सारी गंमत आहे, घटकाभराचा शिमगा आहे. मी शिमग्याचे गोडवे गाणारा नव्हे. पण शिमग्यालासुद्धा तिथी होती. बोंब ठोकणारा आणि ऐकणारा एकाच आळीतले असत, आणि दुसऱ्या दिवशी एकाच विहिरीवर भेटत. मैदानावरचा शिमगा दर आठवड्याला असतो. तिथे हजारो माणसे एका माणसावर बोंबलतात आणि त्या एकट्याने उत्तर दिले तर पंच खिशातून कार्ड काढतो. वालेन्सियाच्या त्या सामन्यात झटापट होऊन शेवटी लाल कार्ड कोणाला मिळाले? व्हिनिसियसलाच! पुढे ते रद्द झाले, ही गोष्ट वेगळी.

दुसरा बचाव तिकिटाचा. पैसे मोजले आहेत, ओरडू नको तर काय करू? अहो, नाटकाचे तिकीट काढले म्हणून नटाच्या आईवरून बोलण्याचा हक्क मिळतो काय? तिसरा बचाव पगाराचा. एवढे कोट्यवधी घेतात, तर दोन शब्द सोसावेत. पगार खेळण्याचा असतो, कातडीवरून अपमान करून घेण्याचा नव्हे. आणि घटकाभर धरून चाला, की पगारात अपमानही मोजला आहे. मग त्याच रांगेत बापाचे बोट धरून बसलेल्या, त्याच वर्णाच्या दहा वर्षांच्या पोराला कोण पगार देते? तो हुंकार खेळाडूपर्यंत जाण्याआधी त्या पोराच्या कानातून जातो.

चौथा बचाव सर्वांत सभ्य आणि म्हणूनच सर्वांत घातक. 'मूठभर लोक आहेत हो.' असतील. पण मूठभरांचा आवाज साऱ्या मैदानावर घुमतो, याचा अर्थ उरलेले तोंड मिटून बसले आहेत. मूठभरांना मोठे करते ती ही शांतताच.

माझे म्हणणे असे मुळीच नाही, की प्रेक्षकांनी कीर्तनाला बसल्यासारखे हात जोडून बसावे. गर्दीचे गाणे, तिचा कोट्या करण्याचा सोस, समोरच्या संघाची रेवडी उडवणे हा या खेळाचा प्राण आहे. गोलरक्षकाच्या हातांतून चेंडू सुटला की त्याच्या हातांना लोणी लागले आहे म्हणून खुशाल ओरडा. फक्त एक साधी कसोटी लावा. ज्या दोषावरून तुम्ही त्या माणसाला चिडवता, तो दोष त्याला पुढल्या सामन्यात सुधारता येईल काय? सुटलेला चेंडू उद्या धरता येतो. कातडीचा रंग, जन्माची जात, आईबापांचा धर्म ही सुधारावयाची चूक नव्हे. आणि मेलेली माणसे तर परत आणताच येत नाहीत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने अखेर ९७ जीव घेतले. त्या मृतांची टवाळी करणारी गाणी प्रतिस्पर्धी प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे गायिली. २०२३ साली तिथल्या सरकारी अभियोक्त्यांना, असल्या टवाळीवर खटले भरता येतात, हे उघड सांगावे लागले.

मग उपाय काय? कायदा हवाच; पण तो कसा हवा, हेही पाहावयास हवे. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० साली अहवाल दिला आणि १९९१ साली इंग्लंडात अश्लील व वर्णद्वेषी घोषणा हा मैदानावरचा स्वतंत्र गुन्हा ठरला. परंतु कायदा करणाऱ्यांनी 'घोषणा' म्हणजे दुसऱ्या कोणाबरोबर मिळून केलेला उच्चार, अशी व्याख्या केली. एकटाच ओरडणारा त्या कलमातून अलगद निसटला! ही फट बुजवावयास १९९९ साल उजाडले. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या दोन क्लबांच्या चाहत्यांत कॅथलिक-प्रॉटेस्टंट असे जुने वैर. तिथे २०१२ साली फुटबॉलपुरता खास कायदा अमलात आला आणि २०१८ साली तो त्याच संसदेने रद्द केला. काय बोलले म्हणजे गुन्हा आणि काय बोलले म्हणजे नुसता आचरटपणा, याची रेघ त्यात स्पष्ट नाही, असा त्यावर मोठा आक्षेप होता. ढगळ कायद्यात चोर सापडत नाही, आणि साव मात्र चिडतो.

दंड आणि रिकाम्या खुर्च्या यांवरही माझा फारसा विश्वास नाही. सोफियातल्या त्या मैदानाचा काही भाग आधीच्या वर्णद्वेषी घोषणांबद्दल शिक्षा म्हणून त्या दिवशी बंदच ठेवला होता. उरलेल्या भागात पुन्हा तेच झाले. खुर्चीला शिक्षा करून माणूस कसा सुधारणार? पण तिथेच दुसरीही गोष्ट घडली. देशाच्या पंतप्रधानांनी उघड मागणी केली आणि बल्गेरियाच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. आणि वालेन्सियातली ती ओरडणारी माणसे? त्यांतील तिघांना जून २०२४ मध्ये न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा सुनावली, दोन वर्षे मैदानाची बंदी घातली. फुटबॉलच्या मैदानावरील वर्णद्वेषी शिव्यांबद्दल स्पेनमध्ये झालेली ती पहिलीच शिक्षा. गर्दीला तोंड नसते असे म्हणतात, ते खोटे आहे. गर्दीला तोंडेच तोंडे असतात, आणि प्रत्येक तोंडाला एक नाव असते. ते नाव शोधून काढण्याची इच्छा लागते, इतकेच.

इथवर वाचून 'गोरे लोक असेच!' म्हणून कोणी सुस्कारा टाकला असेल, तर त्याने जरा आपल्या उंबऱ्याकडे पाहावे. १७ ऑक्टोबर २००७. मैदान आमचे वानखेडे, खेळ क्रिकेटचा, आणि ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला पाहून माकडासारखे हुंकार काढणारे प्रेक्षक आपलेच. 'आपल्याकडे माकड म्हणजे मारुतिराया. त्यात अपमान कसला?' असा बचाव मी त्या दिवसांत माझ्या कानांनी ऐकला आहे. काय ही भक्ती! मारुतीपुढे हात जोडतात की नाकडोळे वेडेवाकडे करून काखा खाजवतात? पुढे जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांतून महंमद सिराजला शिव्या आल्या आणि खेळ थांबवावा लागला, तेव्हा आपण सारे संतापलो. संताप योग्यच होता. पण २००७ साली तो कुठे गेला होता?

आणि फुटबॉल काही आपल्याला परका नाही. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा रित्या होतात. त्या मैदानाला ज्यांचे नाव आहे, त्या राजाने १९०२ साली आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. त्या नावाच्या मैदानावर कोणाच्या जातीवरून वा आईवरून एक शब्द निघावा, हे आपल्याला सोसवणार आहे काय? आपल्या मैदानांवर, ती कुठल्याही गावची असोत, आया-बहिणींचा उद्धार किती सहज होतो, हे मी सांगावयास नको. मग 'बायका-मुली सामन्याला का येत नाहीत हो?' असे आपणच निरागसपणे विचारतो.

म्हणून माझे मागणे लांबचे नाही. क्लबांनी, संघटनांनी, सरकारने करावयाचे ते करावेच. पण शनिवारी रात्री मुलगा सामना पाहत असताना तो हुंकार ऐकू आला, तर 'आवाज कमी कर' एवढे म्हणून कूस बदलू नका. उठून त्याच्याशेजारी बसा, आणि तो आवाज कसला आहे, कोणासाठी आहे, हे त्याला सांगा. मैदानावर गेलात आणि शेजारच्याच्या तोंडून तसले काही निघाले, तर त्याला म्हणा, 'राव, हे नको. माझा मुलगा बरोबर आहे.' तो दोन गोष्टी ऐकवील, ऐकून घ्या. दर ओळीत असे म्हणणारा एक माणूस निघाला, तर मूठभर हे खरोखरच मूठभर राहतील.