विहीर खाजगी, पण झरा कुणाचा?

सातबारा ज्याच्या नावावर, जमिनीखालचे पाणीही त्याचेच, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिची उलटतपासणी करणारा मालमत्तेच्या हक्कावरच हात टाकतो, असा ओरडा होतो. पण हा दंडक आपल्या काळ्या खडकातून उगवलेला नाही. १८४३ साली इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणीने एका गिरणीची विहीर कोरडी केली. गिरणीवाला न्यायालयात गेला आणि हरला. तोच न्याय १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातून आपल्या देशात आला: ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत साठविण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जमीनमालकाला मिळाला.

सुज्ञ वाचकांनी ‘आपल्या हद्दीत’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. पाणी टँकरमध्ये भरून दहा कोस दूर विकणारा कोणत्या हद्दीत असतो? कायदेपंडित याचा निराळा अर्थ लावतील, लावोत. या दगडाचा धर्म मात्र त्यांना बदलता येणार नाही. बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. साठा तुटपुंजा, आणि ती भेग बांधापाशी येऊन थांबत नाही. एकाने खोल उपसा केला की शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो.

आमच्या कळंब्याला हे उमगायला जड जाऊ नये. येथल्या तलावाने पिढ्यानपिढ्या कोल्हापूर शहराची तहान भागविली. २०१६ च्या उन्हाळ्यात तो आटला, तेव्हा त्याचा भेगाळलेला तळ साऱ्यांनी पाहिला, हळहळ झाली, गाळ काढायला माणसे पुढे आली. भूजलाच्या वाट्याला असा साक्षीदार येत नाही. ते संपल्याची वार्ता शेजारणीची रिकामी कळशीच आणते.

मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये जे घडले ते या दृष्टीने वाचले पाहिजे. महापालिकेने विहीरमालकांना नोटिसा दिल्या, की केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्या, अन्यथा उपसा बंद करा. १० एप्रिलला टँकरवाल्यांनी संप पुकारला. विहिरीभोवती दोनशे चौरस मीटर मोकळी जागा दाखविण्याची अट मुंबईत कोण पाळू शकेल, हा त्यांचा सवाल गैर नव्हता. पुढे आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन विहिरी व टँकर ताब्यात घेण्याची घोषणा झाली, १४ तारखेला संप मिटला आणि नोटिसांना १५ जूनपर्यंत स्थगिती मिळाली. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उपसा सर्वाधिक असताना, नियम निजला आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याने उठायचे ठरले!

या साऱ्या गदारोळात विहिरीच्या शेजाऱ्याला कुणी विचारले? परवाना मागणारा संगणकावर अर्ज भरणार, देणारा दूरच्या कचेरीत बसणार. ज्याची विहीर आटणार तो या व्यवहारात कुठेच नाही.

वसईने हे पूर्वीच भोगले आहे. तिथल्या बागायती विहिरींचे गोडे पाणी वाढत्या वसाहतींसाठी टँकरने वाहून नेले जाऊ लागले आणि विहिरींत खारेपणा शिरला, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. २०२४ साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. धर्मगुरूने पाण्याच्या भांडणात कशाला पडावे, असे विचारणारे तेव्हाही होते. त्यांनी उत्पत्तीचा २६ वा अध्याय उघडावा. ‘पाणी आमचे’ म्हणत गरारचे गुराखी भांडले, तेव्हा इसहाकाने दोन विहिरी सोडल्या आणि पुढे जाऊन तिसरी खणली. त्याला पुढे सरकायला भूमी होती. आमच्या दोन एकरांच्या शेतकऱ्याने कुठे सरकावे?

कायदा नाही, अशी सबब शासनाला नाही. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीविना विहीर खणण्यास मनाई केली होती. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यात पाणलोट क्षेत्राच्या जलसंपत्ती समित्यांची तरतूद आहे. नियमांचा मसुदा मात्र लोकांपुढे आला तो २०१८ साली. चार वर्षे! एवढ्या अवधीत कूपनलिकेचे यंत्र किती गावे फिरून येते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तहानलेल्या वस्तीचा टँकर अडवा, असे मी म्हणत नाही. गावाबाहेर पाणी नेण्याचा प्रत्येक अर्ज ग्रामसभेत वाचला जावा. भोवतालच्या विहिरींची पातळी दरमहा मोजून चावडीवर लावावी, आणि ती ठरलेल्या रेषेखाली गेली की दाखला आपोआप थांबावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरी आहेत, मोजणारी माणसे आहेत. आकडे फायलीतून चावडीवर आणायला नव्या कायद्याची गरज नाही. येत्या उन्हाळ्यापूर्वी एक शासकीय परिपत्रक पुरेल.