विद्यार्थ्यांचा चित्रपट आणि तिकीटखिडकी

चित्रपटविद्या शिकून बाहेर पडलेल्या तरुणांचे चित्रपट महोत्सवांत गाजतात, तिकीटखिडकीवर नव्हे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मद्रासच्या चित्रपट संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९८६ साली तो खोटा ठरविला. आबावाणन यांची निर्मिती आणि आर. अरविंदराज यांचे दिग्दर्शन असलेला ‘ऊमै विळिगळ’ हा तमिळ रहस्यपट त्या वर्षी १५ ऑगस्टला प्रदर्शित झाला. तरुणी बेपत्ता होतात आणि वृत्तपत्र त्यांचा माग काढते, असे त्याचे कथानक. विजयकांत यांच्यासारखा नट आणि सिनेमास्कोपचा भव्य पडदा यांची जोड मिळताच सामान्य प्रेक्षकाने तो उचलून धरला. त्या यशाने संस्थेतील विद्यार्थ्यांना व्यवसायाची दारे खुली झाली.

महाराष्ट्रात असा प्रयोग दहा वर्षे आधीच झाला होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढली आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जावर १९७६ मध्ये तेंडुलकरांचा ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. ओम पुरी यांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. सत्ता आणि गुन्हेगारी यांचे साटेलोटे त्यातही होते. जाणकारांनी तो वाखाणला. परंतु तालुक्याच्या गावातील प्रेक्षकापर्यंत तो पोहोचला नाही.

एक प्रायोगिक, दुसरा रंजक, तेव्हा ही तुलनाच अन्याय्य, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. तथापि कर्जाची फेड दोघांनाही चुकत नाही. निर्मितीला भांडवल मिळाले आणि विक्रीची व्यवस्था झाली नाही, तर मालाची जी गत होते तीच चित्रपटाची होते. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाला हे निराळे सांगावयास नको.

चित्रपटव्यवसायात हा मुलूख आजही ‘सी. पी. बेरार’ या जुन्याच नावाने ओळखला जातो आणि अमरावती हे त्याच्या वितरणाचे जुने केंद्र. चांदूर रेल्वेच्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला मात्र मुंबईची गाडी तेवढी दिसते. जिल्ह्याच्या गावी चालणारा हा व्यवहार त्याला कोणी शिकवीत नाही.

म्हणून शासनाने मराठी चित्रपटांच्या अनुदानातील काही वाटा नवोदितांच्या चित्रपटांच्या तालुकास्तरीय प्रदर्शनासाठी राखून ठेवावा, आणि चित्रपट संस्थांनी वितरणाचे करार व हिशेब हे विषय कॅमेऱ्याइतक्याच आस्थेने शिकवावेत. तसे न झाल्यास सार्वजनिक पैशातून घडलेले हे कौशल्य मोजक्या जाणकारांपुरतेच उरेल.