४२ चं लेबल, ३८ चा शर्ट आणि "आमची पॉलिसी"

दुकानदार मित्रांना राग येईल, तरी लिहितोय.

किलोच्या पैशात आठशे ग्रॅम साखर दिली तर आपण दुकानात उभं राहून भांडतो. पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर आहे की नाही ते वाकून बघतो. मग ४२ च्या लेबलखाली ३८ चा शर्ट दिला तर "जाऊ दे, रेडीमेडमध्ये असंच असतं" म्हणून गप्प का बसायचं? साईझ हेसुद्धा मापच आहे, आणि खोटं माप ते खोटं माप.

मागच्या रविवारी साताऱ्यातल्या एका मोठ्या दुकानातून वडिलांसाठी दोन शर्ट घेतले. कंपनी एकच, दोन्हींवर ४२. एक घालून बघितला, मस्त बसला, म्हणून दुसऱ्या रंगाचाही घेतला. घरी त्या दुसऱ्याची बटणंच लागेनात. दोन्ही शर्ट पलंगावर पसरून बगलेपासून बगलेपर्यंत टेप लावला. एक साडेबावीस इंच, दुसरा साडेवीस. म्हणजे पूर्ण घेरात चार इंचांचा फरक!

मंगळवारी बिल आणि दोन्ही शर्ट घेऊन गेलो. काउंटरवरची उत्तरं ओळीने अशी:

"टॅगवर ४२च आहे ना सर."
"काकांचं वजन वाढलं असेल." (दोन दिवसांत?)
"वेगळ्या लॉटचा माल आहे, थोडं मागेपुढे होतं."
"एक्स्चेंज संध्याकाळी चारनंतर नाही."
"रिफंड नाही, क्रेडिट नोट मिळेल. पॉलिसी आहे."

मी म्हटलं, टेप आणा, मोजून बघू. एवढ्या मोठ्या तीन मजली दुकानात काउंटरवर टेप नव्हता! शेवटी वरून आल्टरेशनवाले मास्तर आले. त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "हा ३८ चा आहे. लेबल चुकलंय." त्या सगळ्या गर्दीत कापडाकडे बघून बोलणारा तो एकटा माणूस. तरी मॅनेजरचं "पॉलिसी" सुरूच. मग मी म्हटलं, "ठीक आहे, लेबल चुकीचं आहे आणि तुम्ही पैसे परत देत नाही, एवढं बिलाच्या मागे लिहून सही द्या." पाच मिनिटांत पैसे मिळाले.

माझं काम झालं, पण माझ्या आधी रांगेत कोरेगावकडच्या एक ताई होत्या. हातात मुलीचा फ्रॉक, तक्रार तीच. त्यांना "उद्या दुपारी या" सांगितलं आणि त्या मुकाट्याने निघून गेल्या. उद्या यायचं म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. फ्रॉकच्या किमतीपेक्षा ती खेप महाग. अशी माणसं परत येत नाहीत, हे दुकानाला पक्कं माहीत असतं. त्यांची "पॉलिसी" याच हिशोबावर चालते.

चूक कारखान्यात होते, हे मान्य. कापडाचे थर एकावर एक ठेवून कटिंग होतं, मग साईझवार गठ्ठे बांधले जातात. गठ्ठा बदलला की लेबल बदललं. माणसाच्या हातून होणारी गोष्ट आहे. पण झालेली चूक गिऱ्हाइकाच्या पोटावर ढकलायची, ही कुठली रीत? विशेषतः बायकांना तर सरळ "मॅडम, तुम्ही एक्सएल ट्राय करा" म्हणून ओशाळं केलं जातं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा.

पहिलं. २०२२ च्या दुरुस्तीने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना बऱ्याच गोष्टी छापण्यातून सूट मिळाली. पण चार गोष्टी राहिल्याच: उत्पादक, ब्रँडमालक किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, ग्राहकसेवेचा ई-मेल आणि फोन, एमआरपी, आणि साईझ. साईझ म्हणजे नुसतं एल, एक्सएल नाही, तर सोबत सेंटीमीटर किंवा मीटरमध्ये माप. म्हणजे लेबल खरं की खोटं, हे टेप लावून ठरवता येतं. इथे मतभेदाला जागाच नाही.

दुसरं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का मारला म्हणून सदोष मालाची जबाबदारी संपत नाही.

हेही सांगतो, रंग आवडला नाही, बायकोला पसंत पडला नाही, तर दुकानदार नाही म्हणू शकतो. तिथे हुज्जत घालू नका. लेबल चुकीचं असणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि काउंटरवरच्या पोरांवर ओरडू नका. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या त्या मुलामुलींच्या हातात शंभर रुपये परत देण्याचाही अधिकार नसतो. त्यांना पाठ करून दिलेली वाक्यं ते म्हणतात. बोलायचं ते मालकाशी, मॅनेजरशी.

मग करायचं काय? बिल फेकू नका, टॅग कापू नका. शर्टाचा टेप लावलेला फोटो काढा. नकार लेखी मागा. तरी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लागतोच असंही नाही. टॅगवर सेंटीमीटरमध्ये माप नसेल तर वैधमापनशास्त्र कार्यालयात तक्रार करता येते.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात. तेव्हा हा कायदाही नव्हता. आज कायदा आहे, फोन नंबर आहे, आणि आपण "जाऊ दे" म्हणतोय.

साताऱ्यातल्या कापड दुकानदारांना एकच विनंती. काउंटरवर वीस रुपयांचा टेप ठेवा, आणि लेबल चुकलं असेल तर तिथल्या तिथे पैसे द्या, त्याच फेरीत. लांबून एसटीने आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणू नका.

बाकीच्यांनी आज कपाटातले दोन-चार कपडे काढून टॅग बघा. सेंटीमीटरमध्ये माप किती जणांवर सापडतं, ते खाली लिहा.