कुठल्या भाषेत लिहितोस रे?

परवा ऑफिसात इंटरव्ह्यू होते. समोर सातारा जिल्ह्यातला एक मुलगा, तीन वर्षांचा अनुभव. एका पतसंस्थेचा पिग्मीचा सगळा हिशोब याने एकट्याने लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. रोज संध्याकाळी एजंट पैसे आणून भरतात आणि हिशोब पैशापर्यंत जुळतो.

"कशात लिहिलंय?"

"पीएचपी, सर."

माझ्या शेजारचे साहेब हसले. "अजून पीएचपी?" संपलं! पुढची वीस मिनिटं निव्वळ उपचार. एकाच खात्यावर दोन ठिकाणांहून एकाच वेळी नोंद आली तर तुझा प्रोग्राम काय करतो, हे त्याला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तेच तीन दिवस टोचतंय, म्हणून हा शनिवार त्याच्या नावावर.

सर्वोत्तम भाषा कुठली, या वादात मीही कमी पडलेलो नाही. हॉस्टेलवर जावा की पायथन यावर रात्री दोनपर्यंत घसा फोडलाय. तेव्हा दोन्ही भाषांत मिळून पाचशे ओळीही लिहिल्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. आता कळतं की ते भांडण भाषेचं नव्हतंच. मी जावाच्या क्लासला पैसे भरले होते. माझी भाषा हलकी ठरली तर मी हलका ठरणार, एवढीच भीती होती. आजही मीटिंगमध्ये तावातावाने बोलणाऱ्या माणसाचा रेझ्युमे बघा, त्याची 'सर्वोत्तम भाषा' पहिल्याच ओळीत सापडेल.

याउलट अँडर्स हाइल्सबर्ग बघा. टर्बो पास्कल या माणसाचं, सी शार्पचा मुख्य शिल्पकार हाच, टाइपस्क्रिप्टमागेही हाच. मार्च २०२५ मध्ये त्याच्या टीमने जाहीर केलं की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर वेगासाठी दुसऱ्या भाषेत नेतोय. कुठल्या? गो! स्वतःची सी शार्प हाताशी असताना, गूगलमध्ये जन्मलेली गो. लोक खवळले. त्याचं कारण मात्र अगदी साधं होतं. जुना कोड फंक्शन्स आणि साध्या डेटा स्ट्रक्चर्सचा होता. तो आहे त्याच घडणीत गोमध्ये उतरवता येत होता, सगळं नव्याने रचायची गरज नव्हती. व्हीएस कोडचा सगळा कोड तपासायला आधी साधारण ७८ सेकंद लागत, ते साडेसातवर आले. ज्याने भाषा घडवली तो तिला बाजूला ठेवू शकतो, आणि आपण पगारापुरती वापरणारे तिच्यासाठी बाह्या सरसावतो!

"म्हणजे सगळ्या भाषा सारख्याच म्हणायच्या का?" अजिबात नाही. तो दुसरा आळशीपणा. २०१४ चा हार्टब्लीड आठवा. ओपनएसएसएलच्या सी कोडमध्ये लांबीची एक तपासणी राहिली आणि सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर वाचता येऊ लागला. मेमरीची हद्द स्वतः सांभाळणाऱ्या भाषेत ती चूक त्या रूपात पचली नसती. म्हणून रस्टवाले मेमरीबद्दल ओरडतात तेव्हा त्यांचं ऐकायला हवं.

पण सुरक्षित भाषा घेतली की झोपायला मोकळे, असंही नाही. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उडाल्यावर ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. दिशा सांगणारा प्रोग्राम एडामध्ये होता. एडा म्हणजे काटेकोरपणासाठीच नावाजलेली भाषा. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबायला गेला आणि मावला नाही. एडाने चूक पकडली हो! पण त्या ठिकाणी ती चूक सांभाळून घ्यायची तजवीज माणसांनी केलीच नव्हती. कोड एरियान ४ चा होता, आणि तिथे तो आकडा कधी एवढा वाढत नसे. जुनं गृहीतक नव्या रॉकेटला चालेल का, हा प्रश्न कुठलाही कंपायलर विचारत नाही.

तर मुद्दा असा, की 'या कामाला ही भाषा का?' हा इंजिनियरचा प्रश्न आहे. 'कुठली भाषा भारी?' हा पंगतीत कोण कुठे बसणार याचा प्रश्न आहे. आपल्या धंद्यात भाषांची एक उतरंड आहे आणि तिच्या तळाशी आपण माणसं बसवतो. पीएचपीवाला, व्हीबीवाला, कोबोलवाला. २००४ मध्ये फेसबुक पीएचपीतच सुरू झालं, हे त्या वेळी सोयीस्करपणे विसरतो. तालुक्याच्या गावात स्वस्त होस्टिंगवर जे चालतं त्यात त्या पोराने काम उभं केलं. माझ्या मते हा निर्णय आमच्या कितीतरी 'आर्किटेक्चर' मीटिंगांपेक्षा शहाणा होता.

असो. साहेबांवर खापर फोडून मी सुटत नाही. गप्प मीच बसलो होतो. सोमवारी एचआरला मेल टाकणार आहे, त्याला परत बोलवा म्हणून. तो कदाचित येणार नाही, आला तर कदाचित नापासही होईल. पण या वेळी पहिला प्रश्न दोन एजंटांचा असेल. भाषेचं नाव त्याने सांगितलं तर सांगितलं.